कोळशाला विटाळ नव्हता, सुताला होता : मुंबईच्या कोळसा बंदराचा हिशेब

मुंबई बंदरात शिवडीच्या बाजूला हाजी बंदर आहे. मोठ्या जहाजांतून आलेला परदेशी कोळसा बार्जमध्ये घालून तिथं आणायचा, उघड्यावर ढीग लावायचे आणि मग ट्रकनं, रेल्वेनं पुढं पाठवायचा, असा धंदा तिथं अनेक वर्षं चालला. शिवडी, वडाळा, माझगाव भागातले लोक धुळीनं हैराण होते. घरातल्या भांड्यांवर आणि पोरांच्या छातीत तीच काळी पूड. तक्रारी झाल्या, आंदोलनं झाली आणि गेल्या दशकाच्या मध्यानंतर हाजी बंदरावरची कोळशाची हाताळणी बंद करण्यात आली. पर्यावरणवाद्यांनी स्वागत केलं. आम्हीही स्वागतच करतो. माणसाचं फुप्फुस हे कोणत्याही व्यापाऱ्याच्या मालापेक्षा मोलाचं आहे.

पण बंदर बंद झालं म्हणजे इतिहास बंद झाला असं होत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळसा उतरायला लागून जवळपास दोनशे वर्षं होत आली. एवढ्या काळात तो कोणी उतरवला, कोणाच्या डोक्यावरून गेला, त्यातून कोण श्रीमंत झालं आणि आता मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर कोणाचा हक्क सांगितला जातोय, हे प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. आम्ही आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात काम करणारी माणसं. समुद्र इथून लांब. पण माणदेशच्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून मुंबईची वाट धरलेल्या माणसांना मुंबईनं जी कामं दिली, त्यात गोदीतली हमाली होती. म्हणून हा हिशेब मांडण्याचा अधिकार आमचा आहे असं आम्ही मानतो.

वाफ आली, कोळसा आला

शिडाच्या जहाजाला वारा लागतो, कोळसा लागत नाही. मुंबईला कोळशाची गरज लागली ती आगबोटींमुळं. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडं निघाली. ही बोट पाच-सहा दिवस पुरेल एवढा कोळसा वाहण्यासाठी बांधलेली, आणि एडनपर्यंतचाच प्रवास त्याच्या दुप्पट. त्यामुळं मिळेल त्या जागेत कोळसा भरून ती निघाली, आणि अकरा दिवसांनी एडनला पोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपला होता. पुढं जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून घेतलं आणि मुंबई इलाख्याला जोडलं. कारण उघड होतं. आगबोटींना वाटेत कोळसा भरायला हक्काचं ठिकाण हवं होतं. एका इंधनासाठी एक शहर घेतलं गेलं. साम्राज्य तलवारीवर चालतं असं शाळेत शिकवतात, ते कोळशावरही चालत होतं.

पुढचा क्रम सर्वांना माहीत आहे. १८५३ ला रेल्वे, त्याच दशकात कापड गिरण्या, १८६९ ला सुएझ कालवा. बोट, इंजिन आणि गिरणीचा बॉयलर, तिघांचं तोंड कोळशासाठी उघडं. १८७३ ला बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक (आजचा इंदिरा डॉक) सुरू झाला. वेल्सचा कोळसा जहाजानं यायचा, पुढं बंगालच्या खाणींचा आणि दक्षिण आफ्रिकेतला कोळसाही येऊ लागला. गावाकडून बघणाऱ्याला मुंबई गिरण्यांच्या धुराड्यांची वाटायची, पण धुराड्याच्या मुळाशी गोदी होती.

माझगाव ते शिवडी या पट्ट्यातल्या बंदरांची नावं बघा. लाकडी बंदर, कौला बंदर, पावडर बंदर, हे बंदर (म्हणजे गवताचं), कोळसा बंदर. जो माल उतरला त्याचं नाव बंदराला. तो उतरवणाऱ्याचं नाव एकाही बंदराला नाही.

डोक्यावर पाटी कोणाच्या?

बोटीच्या पोटात उतरायचं, फावड्यानं कोळसा पाटीत भरायचा, पाटी डोक्यावर घेऊन फळीवरून धक्क्यावर यायचं, रिकामी करायची आणि परत जायचं. कोळसा भरायचा असेल तर हेच उलट्या दिशेनं. या कामाला शिक्षण लागत नाही, भांडवल लागत नाही, ओळखही फारशी लागत नाही. लागते ती फक्त दुसरा पर्याय नसलेली माणसं. ती माणसं घाटावर तयार होत होती.

कशी तयार होत होती हे समजून घ्यायला आटपाडीकडं यावं लागेल. आटपाडी औंध संस्थानात होती. पंतप्रतिनिधींचं संस्थान, आणि माणदेशच्या माळावर पाऊस कमी. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६ पासून शतक संपेपर्यंतचे दुष्काळ यांनी सातारा जिल्ह्याच्या या पूर्व पट्ट्याची चाळण केली. दुष्काळ सगळ्यांनाच होता असं म्हणतात. खरं आहे, पण सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याच्याकडं जमीन होती त्यानं ती गहाण टाकली. ज्याच्याकडं जमीनच नाही त्यानं काय गहाण टाकायचं? महाराकडं वतन होतं, म्हणजे रात्रंदिवस गावाची आणि सरकारची बिनपैशाची चाकरी आणि बदल्यात दारोदार मागायची भाकरी. दुष्काळात पहिली बंद व्हायची ती ही भाकरी. आटपाडीचेच शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ' या आत्मकथनात तराळाच्या घरचं जगणं लिहून ठेवलंय. तराळाचा पोरगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ज्यांना संधी मिळाली नाही त्या तराळांच्या पोरांपैकी अनेक मुंबईला गेले.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच गुलामीला हात घालण्यासाठी. ते विधेयक मंजूर झालं नाही. शेवटी १९५८ च्या कायद्यानं ही वतनं संपली. म्हणजे गोदीतली पाटी डोक्यावर घेणारा माणूस नुसता 'रोजगारासाठी स्थलांतरित' नव्हता, तो गावगाड्यातून सुटलेला माणूस होता. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला 'ढकलणारे आणि ओढणारे घटक' म्हणतात. आमच्याकडं ढकलणाऱ्या घटकाला जात म्हणतात.

आमच्याच भागातली दुसरी वाट बघा. खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पोचली. एकानं दुसऱ्याला नेलं, भाच्यानं पुतण्याला नेलं, दुकानं उभी राहिली. त्यांच्या कष्टाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ज्याच्या हाती लोक सोनं विश्वासानं देतात आणि ज्याच्या डोक्यावर फक्त कोळसा देतात, त्या दोघांमधला फरक अंगच्या कुवतीचा नाही. दुष्काळ एक, तालुका एक, एसटीचा थांबा एक, आणि वाटा दोन.

बॉयलरपर्यंत चालतो, मागापर्यंत नाही

मुंबईत जात सुटली का? ज्यांना वाटतं शहरात जात गळून पडते त्यांनी गिरणीचा इतिहास वाचावा. गिरणीत अस्पृश्य कामगार सूतखात्यात कमी पगारावर होता. विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं त्याला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेलं सूत सवर्ण विणकराच्या ओठाला कसं चालेल?

आता गंमत पाहा. त्याच गिरणीचा बॉयलर ज्या कोळशावर पेटायचा, तो महाराच्या डोक्यावरून उतरलेला असला तरी चालत होता. कोळशाला विटाळ झाला नाही, वाफेला झाला नाही, त्या वाफेवर फिरणाऱ्या मागाला झाला नाही. विटाळ झाला फक्त जिथं चार पैसे जास्त मिळत होते तिथं. अस्पृश्यता ही निव्वळ धार्मिक समजूत आहे असं सांगणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे, की हा विटाळ पगार बघून कसा काय लागतो?

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत घ्या, असा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घेतली. मालकांनी उत्तर दिलं की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकांचं उत्तर सोयीचं होतं, पण खोटं म्हणता येत नाही. दार कामगारानंच कामगाराला बंद केलं होतं. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी जो सिद्धांत मांडला, की जात ही फक्त कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, त्याचा पुरावा गिरणीत आणि गोदीत रोज दिसत होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ते भाषण अनेकांना पाठ आहे, पण त्यातलं रेल्वेचं उदाहरण फार सांगितलं जात नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रूळावर राबू शकतो, पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामंही करून घेतो, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? रूळ, बॉयलर, कोळसा इथपर्यंत वाट मोकळी. घर, पाणी, सूत इथं वाट बंद. आधुनिक उद्योगानं जात मोडली नाही, जातीला नवीन पत्ते दिले.

कोळशावर उपकर : बाबासाहेबांनी घालून दिलेलं तत्त्व

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाचा काळ, कोळशाची टंचाई, खाणीत माणसं कमी. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या खाणींवर गेले आणि स्वतः खाणीत उतरले. मजुरांची घरं पाहिली. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा मजुरांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर, शिक्षणावर खर्च करायचा.

हेही लिहायला हवं की युद्धकाळात स्त्रियांना भूगर्भात काम करण्याची बंदी सरकारनं उठवली होती, आणि त्यावरून मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबांवर टीका झाली. त्यांनी तो निर्णय तात्पुरता असल्याचं सांगितलं आणि समान कामाला समान वेतनाचं तत्त्व इथं लागू केल्याचा मुद्दा मांडला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. आम्ही बाबासाहेबांना देव मानत नाही, म्हणून त्यांचा अवघड निर्णयही लपवायचं आम्हाला कारण नाही.

पण निधीचं तत्त्व नीट समजून घ्या. ते दानाचं नाही. मालकाच्या दयेवर नाही, बोनसवर नाही. ज्या वस्तूतून संपत्ती निर्माण होते त्या वस्तूवरच, टनामागं, कायद्यानं, तिला हात लावणाऱ्या मजुराचा हिस्सा बसवायचा. या लेखाचा कणा हेच तत्त्व आहे. पुढं ते पुन्हा येईल.

गोदी कामगाराला कायदा मिळायला आणखी वेळ लागला. तोपर्यंत टोळीवाल्याचं राज्य होतं. सकाळी गेटवर उभं राहायचं, टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर काम, नाही तर उपास. बोट कोणाकडं दाखवलं जाणार हे नात्यावर, गाववाल्यावर आणि हातावर ठेवलेल्या पैशावर ठरायचं. १९३१ मध्येच व्हिटली आयोगानं ही रोजंदारीची अनिश्चितता संपवा असं सुचवलं होतं. १९४८ मध्ये, जगजीवन राम श्रममंत्री असताना, गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईसाठी योजना आली. नोंदणी झाली, पाळीनं काम मिळू लागलं, काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. बोट दाखवणाऱ्या टोळीवाल्याच्या जागी नोंदवही आली. आमच्या गावाकडच्या ज्या घरांत 'गोदीवाला' पेन्शनर होता, त्या घरांतली पोरं शिकली. आरक्षणाच्या आधी अनेक घरांना या नोंदवहीनं उभं केलं, हे विसरता कामा नये.

छातीचा आजार

१९४० साली वेल्समधल्या कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी जहाजाच्या पोटात कोळसा पसरवणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक खाणीत गेलेले नव्हते, दगडाच्या धुळीत राबलेले नव्हते, तरीही त्यांची फुप्फुसं रोगट होती. म्हणजे नुसती कोळशाची धूळही माणसाला आजारी पाडते. ब्रिटनमध्ये त्या दशकात नुकसानभरपाईचे नियम खाणकामगारांपलीकडं अशा कामगारांपर्यंत रुंदावले. मुंबईच्या धक्क्यावरून परत आलेल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला आमच्याकडं 'छातीचं दुखणं' एवढंच नाव होतं. नाव नसलेल्या आजाराची भरपाई मागता येत नाही.

म्हणून हाजी बंदराचं बंद होणं आम्हाला उशिरा झालेलं वाटतं. धूळ दोनशे वर्षांची आहे. ती टॉवरमधल्या बाल्कनीपर्यंत पोचली तेव्हा प्रदूषण ठरली. पाटीखालच्या माणसाच्या छातीत होती तेव्हा ती नशीब होती. शिवडी-वडाळ्याच्या चाळीत, झोपड्यांत राहणाऱ्यांनीही या लढ्यात आवाज दिला, त्यांचा मान ठेवूनच आम्ही हे म्हणतो.

बंद झालं, म्हणजे कोणाचं मोकळं झालं?

गोदी कामगाराचं संपणं कोळशाच्या आधीच सुरू झालं होतं. कंटेनर आले, १९८९ मध्ये न्हावा शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, आणि १९९७ च्या कायद्यानं मोठ्या बंदरांना १९४८ च्या कायद्याच्या कक्षेतून बाहेर काढण्याचा रस्ता दिला. नोंदवही मिटत गेली. हाजी बंदरावर शेवटच्या काळात राबणारे बहुतेक कंत्राटी हात, ट्रकवाले, बार्जवाले, झाडू मारणारे. कोळसा थांबला तेव्हा त्यांना 'कामगार' म्हणून कोणी मोजलं नाही. ज्यांची नोंद नाही त्यांचं पुनर्वसन कसलं?

कोळसा तरी थांबला का? तो फक्त दक्षिण मुंबईच्या नजरेआड गेला. रायगडच्या धरमतरला, रत्नागिरीच्या जयगडला कोळसा उतरतोच आहे. मुंबईला वीज देणाऱ्या ट्रॉम्बे आणि डहाणूच्या केंद्रांत तो जळतोच आहे. ज्या माणसांचा आवाज कमी, त्यांच्या अंगणात धूळ नेऊन टाकायची, याला हवामान बदलाचं उत्तर म्हणत नाहीत.

आणि जमीन? मुंबई बंदराकडं सुमारे १,८०० एकर जमीन आहे, देशातल्या सर्वात महागड्या जमिनींपैकी. २०१४ मध्ये केंद्रानं राणी जाधव समिती नेमली, पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याच्या योजना आल्या, २०१८ मध्ये आराखडा आला. उद्यानं, क्रूझ, मरिना, कार्यालयं. २०२४ च्या जानेवारीत शिवडीतून अटल सेतू निघाला, आणि या पट्ट्याचा भाव कुठं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच पट्ट्यात रे रोडजवळ कौला बंदरची वस्ती आहे. जमीन केंद्राची, म्हणून राज्याच्या झोपडपट्टी योजना तिथं आपोआप लागू होत नाहीत. हजारो माणसं साध्या नळाच्या पाण्यासाठी झगडत आली आहेत. बंदराच्या नकाशात मरिना आहे, पण पाण्याच्या नळाला अजून ना-हरकत दाखला लागतो.

हे सगळं आम्ही एकदा पाहिलंय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचं ठरलं: शहराला, घरांसाठी, मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. वाटेच आटले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. गिरणी कामगार आजही घराच्या सोडतीची वाट बघतोय आणि त्याच्या खात्याच्या जागी मॉल उभा आहे. इंदू मिलची जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली ती कोणाच्या कृपेनं नाही. ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक आत घुसले, तेव्हा सरकार हललं.

आटपाडीचा धडा

जगात कोळसा बंद होतोय. जर्मनीनं २०२० मध्ये कायदा करून २०३८ पर्यंत कोळशाची वीज संपवायचं ठरवलं आणि कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची मदत कायद्यात लिहिली. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. म्हणजे कामगाराचा वाटा आधी लिहून मग कुलूप लावता येतं.

पण आम्हाला उदाहरणासाठी जर्मनीला जायची गरज नाही. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा झाल्या. त्या चळवळीतून समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढं आली. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणात भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला गेला. ज्याच्याकडं जमीन नाही त्याला पाणी कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. उत्तर सोपं होतं. पाणी सर्वांचं आहे, सातबारा हा पाण्याचा दाखला नाही.

तोच न्याय बंदराला लावा. बंदराची जमीन सार्वजनिक आहे. तिची किंमत ज्यांच्या कष्टानं वाढली त्यांच्याकडं सातबारा नाही, भाडेपट्टा नाही. म्हणून त्यांचा वाटा नाही, हे आम्हाला मान्य नाही. १९४४ चं तत्त्व इथं लावायचं: तेव्हा टनामागं उपकर, आता चौरस मीटरमागं. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. बंदराच्या जमिनीच्या विकासातून आणि भाडेपट्ट्यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा कायद्यानं गोदी आणि बंदर कामगार कल्याण निधीत जावा. त्यात कंत्राटी कामगार आणि त्यांचे वारस मोजले जावेत.

२. कौला बंदरसह बंदराच्या जमिनीवरच्या सर्व वस्त्यांना पाणी, संडास आणि तिथंच पक्कं घर मिळावं. हे आधी, मरिना नंतर.

३. कोळसा हाताळलेल्या हयात कामगारांची छातीची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी, मुंबईत आणि त्यांच्या गावीही. तपासणीचा कॅम्प आटपाडीत लागला पाहिजे.

४. पूर्व किनाऱ्यावर गोदी कामगारांचं संग्रहालय व्हावं, आणि त्यात कामगाराच्या नावाबरोबर त्याचं गाव आणि त्याची जातही लिहिली जावी. जात लपवून लिहिलेला कामगार इतिहास अर्धाच असतो.

५. धरमतर, जयगडसह ज्या बंदरांवर आज कोळसा उतरतो, तिथल्या कामगारांची नोंदणी आजच सुरू व्हावी. उद्या ती बंदरंही बंद होतील. तेव्हा कोणी म्हणू नये की यांची नोंदच नव्हती.

कोळशाचा काळ संपला पाहिजे याबद्दल आमच्यात दुमत नाही. पण तो संपवताना हिशेब कोऱ्या पाटीवर मांडता येणार नाही. त्या पाटीत दोनशे वर्षं कोळसा होता आणि तिच्याखाली आमची माणसं होती.

जय भीम.